डॉक्टरांना गिळणारी पुस्तकं

दातांच्या दवाखान्यात मी नऊ वर्षं नळी धरली. पेशंटच्या तोंडात जमणारी लाळ ओढून घेते ती नळी. हे काम सांगितलं की लोक नाक मुरडतात, पण त्यात एक सुख होतं. समोरच्याचं तोंड सताड उघडं असतं, तरी त्याला बोलता येत नाही. आणि आपल्याला मात्र बाहेरचं सगळं ऐकू येतं. बाहेरच्या खोलीची भिंत प्लायवूडची होती. काउंटरवर दादा काय बोलतात ते मला आणि खुर्चीतल्या पेशंटला शब्दन् शब्द कळायचं.

दादा म्हणजे डॉक्टरांचे सख्खे थोरले भाऊ. डॉक्टर त्यांना दादा म्हणायचे म्हणून आम्ही सगळे दादा म्हणायचो. पेशंट म्हणायचे, पाणीवाला म्हणायचा, आणि औषधांची खोकी पोचवणारे आजोबा, जे त्यांच्याहून वीस वर्षांनी मोठे होते, तेही दादाच म्हणायचे. मी तिथं लागले तेव्हा दादा पन्नाशीला टेकले होते. अंगानं बारीक, मान थोडी पुढं आलेली, बोलणं इतकं हळू की बहिऱ्या पेशंटना ते चिठ्ठीवर लिहून दाखवायचे.

काउंटर कोपऱ्यात होता. सुतारानं तो सगळीकडून बंद केला होता आणि आत-बाहेर करायला वर उचलायची एक फळी ठेवली होती. पुढं फायली वाढल्या. फायलींसाठी लोखंडी कपाट आलं, ते दुसरीकडं मावेना म्हणून फळीला चिकटवून उभं केलं. तेव्हापासून फळी अर्धीच उचलली जायची. दादांना बाहेर यायचं झालं तर आधी बाकावरच्या दोघांना उठवायचं, मग वाकून, एक खांदा पुढं काढून, खेकड्यासारखं आडवं यायचं. म्हणून ते शक्यतो यायचेच नाहीत. चहा मी वरून द्यायचे.

"कपाट हलवून घेऊ या ना," मी एकदा डॉक्टरांना म्हणाले.

"घेऊ की. रविवारी," ते म्हणाले. रविवार दर आठवड्याला यायचा आणि जायचा.

दादा मुळात नकाशे काढणारे. शाळेची पुस्तकं छापणाऱ्या एका छापखान्यात ते वीस वर्षं होते. नदी काढावी तर दादांनी, असं तिथं म्हणायचे. उगमाशी केसासारखी बारीक आणि मुखाशी जाड अशी रेघ ते एका दमात ओढायचे, हात न उचलता. मग ते काम यंत्रावर व्हायला लागलं आणि नकाशेवाल्या चौघांना घरी बसवलं. त्याच सुमारास धाकट्यानं दवाखाना टाकला होता. "माणूस मिळेपर्यंत दोन महिने बस," डॉक्टर म्हणाले. दवाखान्यामागं दोन खोल्या होत्या, त्यात दादा आणि वहिनी राहायला आले. दोन महिन्यांची सोळा वर्षं झाली. माणूस मिळाला नाही, कारण कोणी शोधलाच नाही.

डॉक्टर वाईट नव्हते, हे आधीच सांगून टाकते. हात हलका, बोलणं स्वच्छ, अडल्यानडल्याला कधी परत पाठवलं नाही. पण एखादी सोय एकदा लागली की ती आपल्याला कोणी करून दिली आहे हे ते विसरून जायचे. दिवसभर आतून एकच हाक ऐकू यायची, "दादा, पुढचं पाठव."

पुस्तकांची सुरुवात एका मुलीमुळं झाली. पाच वर्षांची, खालच्या दाढेला मोठी कीड. तीन वेळा बाप तिला घेऊन आला आणि तिन्ही वेळा ती तोंड मिटून बसली. डॉक्टरांनी गोडीनं सांगितलं, फुगा दिला, आरसा दाखवला. तिसऱ्या वेळी जरा ओठ उघडले म्हणून त्यांनी बोट घातलं, तर कचकन चावली. बोटाला दोन टाके पडले. त्या दिवसापासून आम्ही तिला चावरी म्हणायला लागलो.

चौथ्या खेपेला ती बाकावर बसली होती, काउंटरकडं पाठ करून. दादांनी जुन्या अपॉइंटमेंटच्या कार्डांच्या कोऱ्या बाजूंवर काहीतरी काढून ठेवलं होतं. आठ कार्डं, दातांच्या फटीतून फिरवायच्या मेणाच्या दोऱ्यानं एका कडेला शिवलेली. त्यांनी ते वरून तिच्या मांडीवर सोडलं आणि आपण रजिस्टरात डोकं घातलं.

त्यात एक मगर होती. मगरीचा दात दुखतो. काउंटरवरचा माणूस तिला म्हणतो, आत जा. डॉक्टर म्हणतात, आ कर. मगर आ करते. डॉक्टर म्हणतात, अजून मोठा. मगर अजून मोठा करते. आणखी मोठा, मला नीट दिसत नाही. डॉक्टर वाकतात. अजून वाकतात. पुढच्या पानावर खोलीत फक्त मगर असते, आणि खाली काळे बूट, नीट शेजारी-शेजारी. शेवटच्या पानावर मगर म्हणते, "आता जरा बरं वाटतंय."

चावरी हसली नाही. तिनं पुन्हा पहिल्यापासून पाहिलं, मग बाकावर उभी राहून काउंटरवर हनुवटी टेकली.

"बूट का नाही खाल्ले?"

"बुटांना नाड्या असतात," दादा म्हणाले. "दातांत अडकतात."

हे तिला पटलं. आत आली, खुर्चीत चढली, डॉक्टरांच्या बुटांकडं एकदा खाली वाकून पाहिलं, आणि जबडा असा फाडला की मला तिच्या पडजिभेपर्यंत दिसलं. डॉक्टर वाकले की ती अजून फाडायची. वीस मिनिटांत दाढ भरून झाली. डॉक्टर मला म्हणाले, "मुलांशी कसं वागायचं हे शेवटी अनुभवानंच येतं." मी नळी धुवायला गेले, नाहीतर हसू फुटलं असतं.

त्यानंतर दादा काढतच गेले. देवमाशाचं एक, त्यात डॉक्टर होडीतून जातात. एक आजीबाईंचं, त्यांना एकच दात असतो आणि तेवढा पुरतो. एकात झाडूवाली बाई नळीनं केर ओढताना डॉक्टरांनाही ओढून घेते. ती नळी माझ्या हातातल्या नळीसारखीच काढली होती. सगळ्या पुस्तकांत डॉक्टर तेच, हनुवटीवर डावीकडं तीळ. आणि सगळ्यांत दुसऱ्या पानावर काउंटरवरचा माणूस, फक्त छातीपासून वर. पुस्तकं रजिस्टरांखालच्या खणात असायची. मुलांनी वाचायची आणि परत द्यायची, मोठ्यांना दाखवायची नाहीत. मुलं असली गुपितं मोठ्यांपेक्षा बरी सांभाळतात.

"या माणसाला पाय का नाहीत, दादा?" मी एकदा विचारलं.

"काउंटर आहे ना पुढं," ते म्हणाले. "दिसणार कसे?"

त्या दोन वर्षांत मी त्यांना खुशीत पाहिलं. खुशी म्हणजे काय, तर खाली मान घालून बसलेले असायचे आणि कानशिलं तेवढी हलायची. बाकावर पोरगं खुदकन हसलं की वर न बघता ते विचारायचे, "कुठल्या पानावर?"

मग एके दिवशी एक निवृत्त शिक्षणाधिकारी नातवाला घेऊन आले. नातवाच्या हातातलं पुस्तक त्यांनी काढून घेतलं, चष्मा बदलून वाचलं आणि तडक आत आले. खुर्चीत पेशंट होता, त्याची त्यांना पर्वा नव्हती. "तुमच्या दवाखान्यात लहान मुलांच्या हातात हे दिलं जातं," ते म्हणाले. "आपल्याला कल्पना असावी म्हणून सांगतो." डॉक्टरांनी हातमोज्यांनीच पानं उलटली. देवमाशाचं होतं. पाण्यावर तरंगणारे बूट पाहिले, स्वतःचा तीळ पाहिला, आणि ते पुस्तक खिशात घालून पुन्हा कामाला लागले.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी खणातली सगळी पुस्तकं मागवून घेतली, एकेक वाचली आणि दादांना आत बोलावलं. मी जायला निघाले तर म्हणाले, "थांब. तुलाही माहीत होतंच."

खोलीत बसायला एक स्टूल, त्यावर ते स्वतः. "बस," म्हणाले. दादा पेशंटच्या खुर्चीत बसले. ती आधीच मागं कलती होती, त्यामुळं बसता बसता दादा आडवे झाले, पाय वर आले आणि दिवा तोंडावर. तो बंद करायचं कोणाला सुचलं नाही.

"दादा, मी तुझं काय वाईट केलं?"

"काही नाही."

"मग सात पुस्तकांत सात वेळा मला मारलंस ते?"

"नऊ आहेत. दोन पोरं घेऊन गेली."

"हा मीच ना? हा तीळ माझाच ना?"

"डॉक्टर काढायचा म्हटलं की हात तिकडंच जातो. दुसरा डॉक्टर मी जवळून पाहिला नाही."

"पण गिळायचं कशाला?"

दादांनी दिव्यापुढं हात आडवा धरला. "पोरांना वाटतं तू त्यांना खाणार," ते म्हणाले. "पुस्तकात ती तुला खातात. फिट्टंफाट. मग तोंड उघडतात."

"एवढंच?"

"एवढंच."

"खरं सांग. तुला वाटतं का कधी असं? की मला कोणी गिळावं?"

दादा खोटं बोलू शकले असते. पण खुर्चीत आडवा झालेला माणूस खरं बोलतो, हे मी नऊ वर्षांत शेकड्यांनी पाहिलंय. "कधीकधी," ते म्हणाले. "सोमवारी जास्त. गर्दी असते."

डॉक्टर हसले नाहीत. पुस्तकांचा गठ्ठा त्यांनी हत्यारांच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. "हे बंद," म्हणाले. "मुलांसाठी काढायचं तर चांगलं काहीतरी काढ."

दादांनी चांगलं काढलं. त्यात मगर आणि डॉक्टर मित्र होतात, मगर रोज दोन वेळा दात घासते, शेवटी दोघं बागेत जातात. चित्रं नेहमीसारखीच सुरेख होती. मुलं ते चाळायची आणि परत द्यायची. एका पोरानं उलटं धरून हलवून पाहिलं, आतून काही पडतंय का म्हणून. आणि आतल्या खोलीत तोंडं पुन्हा मिटायला लागली. एका आठवड्यात तीन मुलं काम न होता परत गेली, चौथ्यानं डॉक्टरांच्या पोटात लाथ मारली. त्याच आठवड्यात चावरी दुसऱ्या दाढेसाठी आली. मित्रांचं पुस्तक तिनं बघितलं आणि काउंटरवर परत ठेवलं.

"गिळायचं कुठंय?"

"ते मिळायचं बंद झालं," दादा म्हणाले.

ती बाकावर बसली आणि ओठ आत ओढून घेतले. बाप विनवण्या करून थकला. आतून डॉक्टरांची हाक आली, दुसऱ्यांदा आली. शेवटी ते स्वतः बाहेर आले, तिच्याकडं पाहिलं, स्वतःच्या बोटावरच्या टाक्यांच्या खुणेकडं पाहिलं आणि खिशातून किल्ली काढली. "दादा," ते म्हणाले, "दे बाबा तिला ते."

मला वाटलं, चला, दादा सुटले. पण खरी अडचण तिथून पुढं सुरू झाली. डॉक्टरांना एखाद्या गोष्टीचा उपयोग कळला की ते तिच्या मागंच लागायचे. त्यांनी मगरीचं पुस्तक चांगल्या कागदावर छापून घेतलं. मागच्या बाजूला दवाखान्याचा पत्ता, वेळ आणि डॉक्टरांचा हसरा फोटो. आत लिहिलं होतं, कल्पना अमुक डॉक्टरांची. दादांचं नाव कुठंच नव्हतं.

"नाव राहिलं वाटतं," मी म्हणाले.

"राहू दे. सगळे दादाच म्हणतात," ते म्हणाले.

मग दर महिन्याला एक, असा नेमच झाला. पहिल्या तारखेला आतून आवाज यायचा, "दादा, या महिन्याचं?" डॉक्टर आता हौसेनं सुचवायचेसुद्धा. "या वेळी हत्तीला गिळू दे मला. हत्ती शाकाहारी, म्हणजे गंमत येईल." दादांनी हत्ती काढला. हत्तीनं गिळायच्या आधी डॉक्टरांना चार पानं नीट चावलं. डॉक्टर ते पाहून खो खो हसले आणि दोनशे प्रती काढायला सांगितलं.

दादांची कानशिलं हलायची थांबली. ते काढायचे, खोडायचे, पुन्हा तेच काढायचे. एका दुपारी बाकावर कोणी नव्हतं तेव्हा मला म्हणाले, "आधी चोरून गिळायचो तेव्हा ते माझं होतं. आता गिळायचं, तेही परवानगीनं. आणि गिळलं की शाबासकी."

वहिनी मागच्या खोलीत कपडे घट्ट-सैल करून द्यायचं काम करायच्या. तोंडात टाचण्या धरून बोलायची त्यांना सवय. "आधी हे नुसते काउंटरमागं बसायचे," त्या मला म्हणाल्या. "आता पुस्तकातही बसवलेत. तिथं तरी उठून बाहेर जायची सोय होती."

पुढच्या वर्षी एक बाई दाढ काढायला आल्या. त्या लहान मुलांची पुस्तकं प्रकाशित करायच्या, छोटंसं ऑफिस होतं त्यांचं. वाट बघताना त्यांनी हत्तीचं पुस्तक वाचलं, मग मगरीचं. दुसऱ्या पानावरच्या माणसाकडं पाहिलं, वर काउंटरकडं पाहिलं. दाढ काढून, तोंडात कापूस धरून त्या थेट दादांपुढं उभ्या राहिल्या.

"हे तुम्ही काढलंत." कापसामुळं ते भलतंच ऐकू आलं, पण दादांना कळलं.

"हो."

"आमच्याकडं या. आठवड्यातून तीन सकाळी. टेबल देते, रंग देते. मोठं पुस्तक करू, तुमच्या नावाचं."

दादा म्हणाले, विचारून सांगतो. पन्नाशी उलटलेल्या माणसानं विचारून सांगतो म्हणावं, याचं त्या बाईंना नवल वाटलं असणार. मला नाही वाटलं.

विचारलं तेव्हा डॉक्टर एका शब्दानं नाही म्हणाले नाहीत. "जा की. मी कुठं अडवलंय? फक्त काउंटरला माणूस बघून दे." दादांनी माणसं बघितली. एक बाई आल्या, त्या फळीखालून आत शिरू शकल्या नाहीत. एकजण शिरला, पण दोन दिवसांनी म्हणाला की इथं श्वास कोंडतो. तिसऱ्यानं फायली अशा लावल्या की एका आजोबांना दुसऱ्याचा एक्स-रे लागला आणि चांगला दात जाता जाता राहिला. त्या दिवशी डॉक्टरांनी फक्त दादांकडं पाहिलं. दादांनी खुर्ची पुढं ओढून घेतली.

"निदान एक सकाळ जाऊन या," मी म्हणाले. "मी बसते काउंटरवर."

एका बुधवारी ते गेले. डॉक्टरांनी नळीशिवाय काम केलं, दोन पेशंट गळ्यापर्यंत भिजले. दुपारी दादा परत आले, आडवे होऊन आत शिरले आणि रजिस्टर उघडलं. पाचव्या दिवशी मी चहा दिला तेव्हा आपणहून सांगितलं.

"टेबल एवढं मोठं होतं, खिडकीपाशी. माणसं चांगली. दोन तास बसलो, एक रेघ ओढता आली नाही."

"का?"

"पुढं कोणी रडत नव्हतं. मागं इतकी मोकळी जागा, सारखं वाटायचं कोणीतरी येतंय. मी म्हटलं, टेबल भिंतीकडं वळवून द्या. त्यांनी बिचाऱ्यांनी वळवलं. तरी नाही." कपातला चहा त्यांनी तसाच धरून ठेवला होता. "वीस वर्षं मी मोकळ्या हॉलमधे नकाशे काढलेत. कळतंय का तुला? हे आधी नव्हतं. हे इथं झालं."

आतून हाक आली आणि मी गेले.

पुस्तकवाल्या बाई चिवट होत्या. तुम्ही येत नाही तर मी येते, म्हणाल्या, आणि दर बुधवारी दुपारी काउंटरशी यायला लागल्या, दात दुखत नसताना. त्यांच्यासाठी दादांनी नवं पुस्तक काढलं. त्यात डॉक्टर नव्हते. एका घरात एक कपाट असतं. आई सांगते, पसारा नको, सगळं कपाटात ठेवा. मुलं खेळणी ठेवतात. मग मांजर ठेवतात, कारण ती मधेमधे करते. मग आजोबांना ठेवतात, ते नुसतेच पडून असतात. मग एकमेकांना. शेवटी आई हात झटकते, घर किती छान दिसतंय म्हणते आणि तिचं लक्ष जातं की आता पसारा म्हणून तीच एक उरली आहे. शेवटच्या पानावर लख्ख रिकामी खोली आणि बंद कपाट. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसता हसता ठसका लागला, आणि घरी गेल्यावर उगाच कपाट उघडून बघितलं.

बाईंच्या ऑफिसातल्या लोकांनाही ते आवडलं, पण ते धास्तावले. आईबाप तक्रार करतील. बाई घुटमळत काउंटरशी आल्या. "एक पान वाढवू या," त्या म्हणाल्या. "दार उघडतं, सगळे हसत बाहेर येतात. बाकी काही बदलायचं नाही."

"नाही जमणार," दादा म्हणाले.

इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून हे शब्द ऐकले नव्हते. भिंतीपलीकडं डॉक्टरांनीही ऐकले असावेत, कारण मशीन थांबलं आणि ते बाहेर आले.

"दादा, एवढं चांगलं चालून आलंय. एक दार उघडायचं काढ, झालं. तुला काय अवघड आहे?"

"ते आतून उघडत नाही," दादा म्हणाले.

"अरे पण गोष्टच आहे ना."

"म्हणूनच."

डॉक्टरांची नजर दादांवरून बाजूला लोखंडी कपाटावर गेली, तिथं जरा रेंगाळली, आणि ते आत गेले. पुढच्या रविवारी त्यांनी दोन हमाल बोलावले. कपाट हललं नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या फायलींच्या वजनानं त्याचे पाय फरशीत रुतले होते. ओढलं तेव्हा फरशी तडकली आणि काम तिथंच सोडलं. डॉक्टर मनापासून खट्टू झाले होते, एवढं मी सांगू शकते.

पुस्तक अडकलं. सहा महिने बाई आल्या नाहीत. दादांनी महिन्याचं पुस्तक काढणंही थांबवलं. डॉक्टरांनी मागितलं नाही.

मग हलल्या त्या वहिनी. एका सकाळी त्या हातगाडी घेऊन आल्या आणि शिवणयंत्र चढवायला लागल्या. एका लॉन्ड्रीच्या वर त्यांनी खोली पाहिली होती, लॉन्ड्रीवाल्याचं शिवणकामही मिळवलं होतं. डॉक्टर हातमोजे घातलेलेच बाहेर धावत आले.

"वहिनी, इथं काय कमी होतं?"

"काही कमी नव्हतं, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "हलायला जागा तेवढी नव्हती."

दादा काउंटरमागून बघत होते. वहिनी त्यांना म्हणाल्या, "तुम्ही यायचं तर या. खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. जिना चढायला जमत नसेल तर तसं सांगा, मी खाली येऊन भेटत जाईन." आणि गाडीमागून चालत गेल्या.

दादा नऊ दिवस मागच्या खोल्यांत एकटे राहिले. दहाव्या दिवशी संध्याकाळी त्यांनी एका पिशवीत कपडे आणि बोरू, दौत भरली, किल्ली डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली आणि गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी वेळेवर हजर. काउंटर सुटला नाही. मी आशा केली होती, पण नाही सुटला. फक्त आता ते पायी येऊ-जाऊ लागले, लॉन्ड्रीपासून दवाखान्यापर्यंत, पंचवीस मिनिटं यायला आणि पंचवीस जायला.

कपाटाचं पुस्तक दीड वर्षानं निघालं. बाईंनी ऑफिसातल्यांचं न ऐकता तसंच छापलं, एकही पान न वाढवता. मुखपृष्ठावर दादांचं नाव होतं, पूर्ण. मी दवाखान्यात सगळ्यांना दाखवलं, तर निम्म्या लोकांनी विचारलं, हे कोण? फार खपलं नाही. दोन शाळांनी परत पाठवलं. एका आईचं पत्र आलं की पुस्तक वाचल्यापासून माझा मुलगा रोज संध्याकाळी कपाटात जाऊन बसतो, उपाय सांगा. दादांनी कार्ड लिहिलं, "त्याच्या शेजारी बसायला जागा आहे का, ते बघावं." ते कार्ड मीच पेटीत टाकलं.

मी काम सोडलं त्याच्या आदल्या महिन्यातली गोष्ट. दादा एका सकाळी आले नाहीत. सात मिनिटं, दहा मिनिटं, पंधरा. बाकावर सहा माणसं, डॉक्टर दर मिनिटाला बाहेर डोकावतायत. सोळा वर्षांत असं झालं नव्हतं. मला तर भलतंच काही वाटायला लागलं. शेवटी अठरा मिनिटांनी दादा आले, चेहरा उन्हानं लाल, बाकावरच्यांना उठवून आत शिरले. डॉक्टर घड्याळाकडं बघून आत गेले.

"बरं आहे ना?" मी विचारलं.

"वाटेत एका चौथ्या मजल्यावरून सोफा उतरवत होते," दादा म्हणाले. "दोरानं. खिडकीतून एक बाई ओरडत होत्या, खाली चौघं हात वर करून उभे. मधेच दोर सरकला, सोफा नुसता लोंबकळत राहिला, गोल गोल फिरत. मी म्हटलं, हे बघूनच जाऊ."

"मग? पडला?"

"नाही पडला," दादा जरा नाराजीनं म्हणाले, आणि पहिल्या पेशंटचं कार्ड पुढं ओढलं.